चरबीत धरलेला वास

कस्तुरी म्हणजे हरणाच्या पोटाखालची गाठ. अंबर म्हणजे देवमाशाच्या आतड्यातून पडलेला गोळा. जवादी म्हणजे उदमांजराच्या शेपटीखालचा मळ. आणि आसामचा जुना ऊद, अगराच्या लाकडाचं तेल, ज्याच्या करंगळीएवढ्या बाटलीसाठी लोक पगार ओततात, त्याला सरळसरळ गुरांच्या गोठ्याचा वास येतो. इथे आखातात, मुहर्रकच्या दुकानात, मी हे सगळं विकते. मोठमोठी माणसं येतात, मनगटावर थेंब घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, वा.

माझा नवरा यासीन मेंढ्यांच्या शेडमध्ये कामाला होता. त्याच्या अंगाला मेंढ्यांचा वास यायचा. त्याला बघून मात्र लोक खिडकी उघडायचे.

आम्ही रायगडातले, म्हसळ्याकडचे. मी अत्तरं मिसळते. कुठल्या कॉलेजात शिकले नाही. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने बाटल्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला, हुंग. मी हुंगत गेले. यासीन जहाजातून उतरलेल्या मेंढ्या सांभाळायचा. आजारी वेगळ्या काढायच्या, पाणी दाखवायचं, मेलेल्या ओढून न्यायच्या. घरी आला की लाइफबॉयने दोनदा अंग घासायचा, वर लिंबू चोळायचा. वास जायचा नाही. वीस वर्षांत तो कातडीच्या आत गेला होता.

त्याचा धाकटा भाऊ नुमान सीफला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. सनाबिसला फ्लॅट आहे. आम्ही जाणार असलो की त्याची बायको नाझिश सोफ्याच्या एका टोकावर जुनी चादर टाकून ठेवायची. कुणी काही बोलायचं नाही. यासीन बरोब्बर त्या चादरीवर जाऊन बसायचा. परत येताना गाडीत मला म्हणायचा, "बघ, सगळ्यांना नुसता सोफा. मला चादर घालतात. नवरदेव हाय मी." आणि हसायचा. मला हसू यायचं नाही.

बकरी ईदला मात्र सगळ्यांना यासीन लागायचा. जनावर निवडायला यासीन, दात बघायला यासीन, सुरी धरायला यासीन. मटण वाटून झालं की नुमान हळूच म्हणायचा, "भाई, आंघोळ करून घे ना आधी. पाहुणे येतील." बोकड हलाल, बिर्याणी हलाल, आणि ज्याने कापला त्याची लाज.

इरावती आमच्या दुकानाची गिऱ्हाईक. पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिला स्वतःची अत्तरं काढायची होती, नैसर्गिक, केमिकल एक थेंब नाही, आणि प्रत्येक अत्तराला ग्रीक पुराणातलं एक नाव. गुलाबाचं झालं, डाळिंबाचं झालं. मग एका दुपारी ती काउंटरला कोपर टेकून म्हणाली, "मेहरीन, आता मला एक भयंकर हवंय. लोक दचकले पाहिजेत. मार्सियस."

"कोण तो?"

तिने सांगितलं. रानातला एक, अर्धा माणूस अर्धा बोकड. त्याला एका देवीने फेकून दिलेली बासरी सापडली. वाजवता वाजवता इतका तयार झाला की खुद्द वीणा वाजवणाऱ्या देवाला म्हणाला, चल, बघू कोण सरस. दोघं वाजवायला बसले. कुणी हरेना. मग देव म्हणाला, आता वाद्य उलटं धरून वाजवायचं. वीणा उलटी धरून वाजते. बासरी कशी वाजणार? बोकड हरला. देवाने त्याला झाडाला टांगलं आणि जिवंत सोललं.

"नियम मध्येच बदलला?"

"हो."

"आणि न्याय करायला कोण होतं?"

"देवाच्याच मंडळातल्या. कलेच्या देवता."

"मग ती स्पर्धा नाही. ती कुर्बानी झाली."

इरावती हसली. मी विचारलं, "कातडं कुठे गेलं?"

"झाडावर टांगून ठेवलं म्हणतात."

"बायकोने मागितलं नाही?"

"असं काही वाचल्याचं आठवत नाही," ती म्हणाली. "पण मेहरीन, तू कर. तुझ्याशिवाय कोणी करणार नाही."

मी करायला घेतलं. ऊद, अंबर, कच्चं चामडं, देवदाराचं तेल. त्याचं एक सॅम्पल इरावतीला दिलंही. पण बोकड काही उभा राहीना. बाटलीतून एक सजवलेला घोडा बाहेर यायचा, अंगावर शाल घेतलेला. जिवंत जनावराचा वास तेलात सापडत नाही. तो धरावा लागतो. आणि वास धरायला चरबीसारखं दुसरं काही नाही. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी कापलेला खरबूज ठेवून बघा.

यासीनने मेंढीच्या शेपटीची चरबी आणून दिली. मी ती वितळवली, गाळली, पुन्हा वितळवली, तिचा स्वतःचा वास मरेपर्यंत. मग काचेच्या ताटांवर तिचा थर दिला. त्यावर यासीनचा शेडमधला शर्ट, अंगातून काढलेला, ओला. वर दुसरं ताट, आणि सगळं फडक्यात बांधून घरातल्या माझ्या अत्तराच्या खोलीत, एसी चालू ठेवून. वास उतरला की तो शर्ट काढायचा, ताजा घालायचा.

यासीन दारात उभा राहून बघायचा. "लोकांच्या बायका नवऱ्याचे कपडे धुतात. तू लोणचं घालतंस."

"गप. शर्ट काढ."

"शेजारी काय म्हणतील? मेहरीन दाराशी आल्या आल्या शर्ट काढायला लावते."

"म्हणू देत."

"आणि हे कोण लावणार अंगाला?"

"मोठे लोक. पैसे देऊन."

त्याने शर्टाची बटणं सोडली. मग म्हणाला, "नुमानला सांगू नको. बिचारा मरेल." पण त्या दिवसापासून तो शर्ट स्वतः काढून, घडी न घालता, दोन्ही हातांवर आडवा धरून मला द्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घामाचं काहीतरी होत होतं.

जुलैत तो गेला. भर दुपारी, शेडमध्ये, पाण्याच्या टाकीजवळ. उन्हाने गेला की हृदयाने गेला हे डॉक्टरने कागदावर लिहिलं असेल. मी वाचलं नाही. नुमानने सगळं केलं. खरं ते सांगायला हवं: धावपळ त्याने केली, खांदा त्याने दिला, रडलाही तोच जास्त. मला यासीनचा चेहरा दाखवला तेव्हा त्याला गुस्ल, मयताची आंघोळ, घालून झाला होता. बोरीच्या पानांचं पाणी, कापूर, पांढरं कफन. मी वाकले. नुसता कापूर आला. कापराखाली कोणीच नव्हतं. मग पुरुष त्याला कब्रस्तानात घेऊन गेले.

मी आतल्या खोलीत इद्दतीत बसले. नवरा गेल्यावर बाईने पाळायची ती मुदत, चार महिने दहा दिवस. गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, आणि दीर हा परकाच. आणि सुगंध नाही. मी ही इद्दत कुणाच्या धाकाने पाळत नव्हते. यासीनचं माझ्याकडे एवढंच देणं राहिलं होतं, आणि ते मला चोख द्यायचं होतं. अत्तराच्या खोलीला मीच कुलूप घालायला लावलं आणि किल्ली नुमानकडे दिली.

पहिल्या आठवड्यात नाझिश रोज आली. जेवण आणलं, घर झाडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिने यासीनचे सगळे कपडे काढले, डेटॉल घालून मशीनमध्ये धुतले आणि लेबर कॅम्पवर देऊन टाकले. मेलेल्याचे कपडे गरिबाला द्यावेत, सवाब लागतो. चादर धुतली, उशीचा अभ्रा धुतला, फरशी फिनाइलने पुसली. जाताना म्हणाली, "भाभी, घर कसं स्वच्छ वाटतंय बघा."

रात्री मी उशी हुंगली. मग कपाट हुंगलं, दारामागचा खिळा हुंगला, त्याच्या चपला हुंगल्या. चपलांनाही फिनाइल. मी शिव्या दिल्या. नाझिशला, डेटॉलवाल्याला, सगळ्यांना. एका माणसाला आठवडाभरात घरातून पुसून काढलं होतं, आणि वर पुण्य लागणार होतं.

राहिली होती ती कुलपाआडची ताटं. त्यात त्याचा शेवटचा शर्ट होता, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा. थंडीत चरबी टिकते, म्हणून मी मनाला सांगत होते, इद्दत संपू दे. मग उघडू.

मध्येच इरावती येऊन गेली. खाली बसली, माझा हात हातात घेतला, रडलीही. मग चहा घेता घेता हळूच म्हणाली, "मला माहितीये ही वेळ नाही. पण रिफाला एका व्हिलात प्रदर्शन आहे, नोव्हेंबरात. मार्सियस तेव्हा असता तर... आणि मेहरीन, तू दिलेलं ते पहिलं सॅम्पल, थोडं माइल्ड करता येईल? दोघीतिघींना दाखवलं, त्यांना मळमळलं."

"तुला भयंकर हवं होतं ना?"

"हो, पण लावता येईल असं भयंकर."

"सोललेलं कातडं कसं माइल्ड करू, इरावती? शाम्पू लावू?"

ती लाल झाली. वाईट नाही ती. पण गोष्ट आवडते आणि गोष्टीतला बोकड खोलीत आला की नाक मुरडतं, असली ही माणसं. मी म्हटलं, "ते अत्तर आता होणार नाही. दुसऱ्या कुणाला सांग." ती चपला घालताना म्हणाली, "सॉरी." कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर नुमान आणि नाझिश आले. दुकानाच्या बाटल्या परत द्यायच्या होत्या, म्हणून कुलूप उघडलं. मी माझ्या खोलीत, दार लावून. नाझिशचा आवाज आला, "ई गं. भाभी, इथं काहीतरी मेलंय. उंदीर असेल."

मी उठून बसले. "एसी चालू हाय ना खोलीचा?"

"नाय," नाझिश म्हणाली. "मीच बंद केलाय कुलूप घालताना. रिकाम्या खोलीला कशाला बिल?"

जुलै, ऑगस्ट. बंद खोली. बाहेर चाळीसच्या वर. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"उंदीर नाय तो," मी दाराआडून म्हणाले. "काचेची ताटं हायत, फडक्यात बांधलेली. त्यात चरबी हाय आणि तुझ्या भाईचा शर्ट हाय, नुमान. तुमी कपडे धुवून वाटलेत त्यातून येवढा एक राहिला. चरबी खवट व्हायला लागली असेल. आज ती खरवडून स्पिरिटमध्ये घातली तर वास वाचेल. आणखी चार दिवसांत नुसती सडकी चरबी राहील."

बाहेर एक बाटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग नुमान म्हणाला, "भाभी, तुमी अत्तर बनवत होता भाईच्या शर्टाचं?"

"होय."

"इद्दतीत अत्तराला हात नाय लावता येत. मी मौलानांना विचारलंय."

"मला ठावूक हाय. तुला विचारायची गरज नव्हती."

"मग?"

"मग मला येक सांग. तू जा, ती ताटं उघड, हुंग आणि मला सांग, ती खुशबू हाय का घाण. घाण असली तर इद्दत तिला आड येत नाय. तू खाली गाडीत जाऊन बस, मी बाहेर येतंय, माझं मी करतंय. खुशबू असली तर मी हात लावत नाय. खलास."

"ह्यात हुंगायचंय काय?" नाझिश म्हणाली. "इथवर येतेय. घाण हाय ती. करा भाभी तुमी, काय करायचंय ते."

तिने मला वाट मोकळी करून दिली की सोफ्यावरची चादरच पुन्हा टाकली, मला आजही कळलेलं नाही. पण मला उत्तर तिच्याकडून नको होतं. वीस वर्षं ज्याने सख्ख्या भावाला आधी आंघोळीला पाठवलं, त्याच्या तोंडून हवं होतं. घाण म्हणाला असता तर मी त्याच क्षणी दार उघडून गेले असते, चरबी वाचवली असती, आणि जन्मात त्याच्या दारात पाऊल ठेवलं नसतं. मी तयार होते.

"नाझिश, तू गप," नुमान म्हणाला. "खाली जाऊन बस."

तिची पावलं जिन्यावरून उतरली. नुमान अत्तराच्या खोलीत गेला. फडक्याची गाठ घट्ट असणार, मी बांधलेली. काचेवर काच घासली. मग काहीच नाही. वरून एक विमान उतरलं, खिडक्या थरथरल्या, विमानही गेलं.

"नुमान?"

"हाय मी."

"सांग."

"भाभी, मी तिसरीत होतो ना," तो म्हणाला. आवाज जवळून आला. माझ्या दाराच्या पलीकडे जमिनीवर बसला असावा. "शाळेत माझ्या बाजूला कोण बसत नव्हतं. आमच्या बाने बकऱ्या पाळलेल्या, आमी झोपायचो त्याच्या पाठीमागेच. पोरं मला बघून बें बें करायची. भाई सातवीत. तो आला वर्गात, माझ्या बाजूला बसला. मास्तर म्हणाला, तुझा वर्ग वरती. हा म्हणाला, मला पण वास येतो, मी हितंच बसतंय. मार खाल्ला, पण बसला."

मीही दाराच्या या बाजूला खाली बसले.

"मला तेच नको होतं कधी परत. इथं येऊन मी एवढे साबण वापरले. आणि तो आपला जायचा शेडमध्ये, आणि माझ्या सोफ्यावर येऊन बसायचा बाचा वास घेऊन."

"नुमान, मी विचारलं ते सांग."

"घाण नाय ती," तो म्हणाला.

"मग काय?"

"खुशबू हाय."

मी दाराला डोकं टेकलं. मला हवं होतं ते मिळालं होतं. यासीनला हवं होतं की नाही, कोण जाणे. तो कधी मागत बसला नाही. आणि त्याच शब्दाने माझा हात बांधला होता. नुमानलाही ते उमगलं, कारण तो घाईने म्हणाला, "म्हणजे तुमाला मग नाय चालणार."

"नाय चालणार."

"भाभी, मी शब्द परत घेतंय. घाण म्हणतंय. तुमी या बाहेर."

"नको. बोललास ते बोललास. नियम मधेच बदलायचा नाय."

"मग ते सडून जाणार?"

"तू इद्दतीत नायस ना?"

त्याला समजायला जरा वेळ लागला. "मला काय येतं त्यातलं?"

"मी सांगतंय. बाह्या वर कर."

जुम्म्याचा पांढरा झब्बा होता त्याच्या अंगात. त्याने तो काढला की नुसत्या बाह्या सारल्या, मी पाहिलं नाही. मी दाराआडून सांगत गेले. लाकडी पट्टी घे, धातूची नको. वरचा पिवळा थर काढून टाक, तो खवट झाला असेल. खालचा पांढरा खरवड. रुंद तोंडाच्या बरणीत भर. फळीवर स्पिरिटचा डबा आहे.

"स्पिरिट? भाभी, ते हराम..."

"तुला प्यायचं नाय. चरबीला पाजायचंय. ओत."

त्याने ओतलं. मी म्हटलं, आता शर्ट घे. दोन्ही हातांनी चरबीतून पिळून काढ, मनगटापर्यंत गेले हात तरी चालतील, जोर लाव. पलीकडे तो ओल्या कापडाशी झगडत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. कॉलर जास्त पिळ, मी सांगितलं. बगला जास्त पिळ. सगळ्यात जास्त तिथे असतो माणूस.

मग बरणी हलवायची होती, आणि मुख्य गोष्ट राहिली होती. वास नीट उतरला की नाही हे हुंगून ठरवतात. माझं नाक दाराच्या या बाजूला होतं.

"बरणी हुंग. काय येतंय?"

"स्पिरिट."

"ते उडू दे. आता?"

"मेंढी. ओली लोकर."

"पुढे."

"सुकं गवत. लोखंड... नळाचं पाणी असतं ना गंजलेलं, तसं." तो थांबला. "लाइफबॉय हाय. लिंबू हाय थोडं."

"खवट येतंय?"

"कडेला जरासं. मधे नाय."

"मधे काय हाय?"

पलीकडे बरणी पुन्हा हलली.

"नुमान, मला येत नाय वास. तुझ्या तोंडानंच मला कळायचंय. मधे काय हाय?"

"मधे भाई हाय," तो म्हणाला, आणि मग रडण्याचा आवाज आला, मोठ्या माणसाचा, तोंडावर हात न ठेवता. हात चरबीने भरलेले असणार.

मी त्याला रडू दिलं. मग झाकण घट्ट लावायला सांगितलं, आणि बरणी सनाबिसला घेऊन जायला. फ्रिजमध्ये ठेव, खालच्या कप्प्यात, अधूनमधून हलव. माझी इद्दत सरली की मी येईन. "नाझिशला विचारून ठेव," मी म्हटलं.

"विचारत नाय. सांगतंय."

बेसिनचा नळ सुटला. बराच वेळ चालला. "जात नाय हातांचा," तो म्हणाला.

"नायच जाणार. परवा ऑफिसला जाशील तसाच."

"जाईन."

तो बरणी घेऊन दारापाशी पोचला तेव्हा मी पुन्हा हाक मारली. कारण तो निघून गेल्यावर घर त्या वासाने भरलेलं असणार होतं. भिंतींना, पडद्यांना, सगळीकडे यासीन. आणि मी दार उघडलं असतं तर थेट त्याच्यात जाऊन उभी राहिले असते. कुणी बघायला नव्हतं. अल्ला सोडून कुणी नव्हतं. तो वास माझाच होता, माझ्या हातांनी धरलेला, आणि मला तो एवढा हवा होता की दात दुखत होते. पण खुशबू हा निवाडा मीच मागून घेतला होता.

"जाताना खिडक्या उघड सगळ्या," मी म्हणाले. "पंखा पण लाव."

"भाभी, बाहेर आग हाय."

"उघड."

त्याने एकेक करून उघडल्या. तिसरी अडकते, ती त्याला दोनदा ओढावी लागली. गल्लीतला आवाज आत आला, एसीच्या पेट्यांची घरघर, कुणीतरी मल्याळीत भांडत होतं. नुमान उतरून गेला. मी दाराच्या फटीला ओढणी कोंबली आणि यासीन जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.